वानरीचं लेकरू

माझ्या वहिनीचं तान्हं लेकरू गेलं आणि तिच्या जिवाला विरंगुळा म्हणून मी वानराचं पिल्लू धरून घरी आणलं. तेव्हा मी काही लहान नव्हतो. मिसरूड फुटली होती, मोट हाकत होतो, घोडेगावच्या बाजाराला मला एकट्याला धाडण्याइतका घरच्यांचा माझ्यावर भरवसा होता. पुढच्या आयुष्यात मी चुका काही कमी केल्या नाहीत. एकदा तर भलत्याच लग्नाच्या मांडवात शिरून, पोटभर जेवून, वर आहेर करून आलो. त्या गोष्टी सांगताना माणसं हसतात, मीही हसतो. ही सांगायला घेतली की अर्ध्यापर्यंत हसतात. म्हणून मी ती सहसा अर्धीच सांगत आलो. आता लिहायलाच बसलो आहे तर पुरी लिहितो.

आमचं घर शिनोलीत, भीमाशंकराकडं जाणाऱ्या वाटेला लागून. ओसरीवर बसलं की देवाला निघालेली माणसं, डोंगरातून हिरड्याची ओझी घेऊन उतरणाऱ्या बाया, जुन्नरकडचे व्यापारी आणि त्यांची घोडी, सगळं समोरून जायचं. घरात वडील, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, आई, थोरला दादा, त्याची बायको सगुणावहिनी आणि मी. दादाच्या आणि माझ्या मधली आईची लेकरं जगली नाहीत, म्हणून माझं नाव दगडू ठेवलं. असल्या नावाकडं यमाचं लक्ष जात नाही अशी समजूत. ती खरी असावी. माझे सगळे दात पडून गेले, नातवंडांची लग्नं झाली, पण त्याचं लक्ष अजून गेलेलं नाही.

वहिनी अवसरी बुद्रुकची. ती आमच्या घरी आली तेव्हा माझं निम्मं आयुष्य झाडावर जात होतं. मी तिला चिंचा, करवंदं, आवळे आणून द्यायचो, आणि मी शेंड्याला पोचलो की ती खालून विचारायची, "भावजी, शेपूट कुठं ठिवलंया?" सासऱ्यापुढं ती पदर ओढून भिंतीला लागून उभी राही. नवऱ्याशी चारचौघांत बोलायची तेव्हा रीत नव्हती. त्यामुळं त्या घरात तिचं मोकळं बोलणं दोघांशीच, आईशी आणि माझ्याशी. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं तिला जे विचारायचं होतं ते ती दुसऱ्या कुणाला विचारणार.

तिला आई नव्हती, म्हणून पहिलटकरीण असूनही तिचं बाळंतपण आमच्याकडंच झालं. माजघरामागच्या अंधाऱ्या खोलीत बाज टाकली होती, बाजेखाली गोवऱ्यांची शेगडी, आणि त्या निखाऱ्यांवर टाकलेल्या ओव्याचा आणि बाळंतशेपांचा वास पार रस्त्यापर्यंत यायचा. वाटेनं जाणाऱ्या बाया वासावरूनच ओळखायच्या आणि पाणी प्यायचं निमित्त करून आत डोकवायच्या. आई दिवसभर चुलीपुढं. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, लसूण घातलेली बाजरीची पेज. लाडवांचा डबा उतरंडीमागं दडवलेला असायचा आणि तो कुठं दडवलाय हे मला आईच्या आधी कळायचं. एकदा पकडला गेलो तेव्हा म्हणालो, गोड झालेत का ते बघत होतो. आई म्हणाली, "का, तू बाळंत झालास व्हय?" आतून वहिनीच्या हसण्याचा आवाज आला होता.

मुलगी झाली. नाव भागीरथी ठेवलं, हाक मारायची भागू. आबा उंबऱ्याबाहेर येऊन नुसते खाकरायचे, मग आई पोरीला बाहेर आणून दाखवायची, आणि आबा तिच्याकडं न बघता विचारायचे, दूध पिते का नीट. मी माझं बोट भागूच्या तळव्यात दिलं की ती मूठ आवळून धरायची, सोडायचीच नाही. काकाला ओळखलं म्हणून मी गावभर सांगत सुटलो. वहिनी म्हणाली, "काडी दिली तरी धरती ती." पण म्हणताना तिला बरं वाटत होतं, हे दिसत होतं.

चैत्र लागला, उन्हं तापली आणि भागूला ताप भरला. घोडेगावच्या वैद्याचं चाटण झालं, मारुतीचा अंगारा झाला, कपाळावर ओल्या चिंध्या झाल्या. मग आकडी येऊ लागली. दुपारी आम्ही मोटेवर असताना शेजारचा पोरगा बांधावरून धावत येताना दिसला आणि तो काही बोलायच्या आधीच दादानं बैल थांबवले.

दात न आलेलं लेकरू आमच्याकडं जाळत नाहीत, पुरतात. त्याला तिरडी नाही, मडकं नाही, खांदेकरी नाहीत, रडून मागं येणारी माणसं नाहीत. आबांनी नात आपल्या उपरण्यात गुंडाळली, काखेशी धरली आणि परड्याच्या दारानं निघाले. मागून मी, हातात कुदळ आणि मिठाची पुरचुंडी. वाटेत एकानं विचारलं, "आबा, मळ्यात काय?" आबा हूं म्हणाले. लांबून बघणाऱ्याला वाटलं असेल, बापलेक वांगी काढायला चाललेत. मळ्याच्या पलीकडं, घोडनदीच्या काठाला एक करंज होता. त्याच्याखाली मी खणलं. आबांनी मीठ पसरलं, तिला ठेवलं, माती लोटली, वर धोंडे रचले आणि कोल्ह्यानं उकरू नये म्हणून बोराटीच्या काट्या टाकल्या. नदीत हात धुताना ते म्हणाले, "आईला जागा सांगायची नसती. तिचा पाय तिकडंच वळत ऱ्हातो, मग फुडचं लेकरू टिकत न्हाई. घरात कुणी इचारलं तर गप बसायचं." मी मान हलवली. दादा आमच्याबरोबर आला नव्हता. आम्ही परतलो तेव्हा तो विहिरीकडं पाठ करून बैलाच्या खुरातला खडा काढत होता. मी जाताना बघितलं तेव्हाही तो तोच खडा काढत होता.

घरात बाज तशीच राहिली. लेकरू गेलं तरी अंग बाळंतिणीचंच, म्हणून आई शेगडी पेटवायची, ओवा टाकायची, आणि तोच वास पुन्हा रस्त्यावर जायचा. वाटेवरच्या बाया आता आत डोकवत नव्हत्या. दूध आटावं म्हणून आई मोगऱ्याच्या कळ्या फडक्यात बांधून वहिनीच्या छातीला लावायची. अजून कुणाच्या वेणीत मोगरा दिसला की मी दुसरीकडं बघतो, म्हातारा चळला नाही असं लोकांना वाटतं. पहाटे जातं फिरायचं, पण त्याच्यावर ओवी नसायची, नुसती दगडाची घरघर. उतरंडीमागचा लाडवांचा डबा उघडाच पडला होता. राखायला कुणी नव्हतं आणि मी एकही लाडू घेतला नाही.

वहिनी मोठ्यानं रडली नाही. मी पाण्याचा तांब्या ठेवायला गेलो की हळू विचारायची, "भावजी, कुठं ठिवली?" मी गोठ्याकडं निघून जायचो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग तिनं मागणं कमी केलं. म्हणाली, "जागा नगा सांगू. ऊन लागतं का तिथं, तेवढंच सांगा." ऊन लागत नव्हतं. करंजाची चांगली दाट सावली होती. एवढं एक वाक्य मी बोललो असतो तर जग बुडणार नव्हतं. पण आबांना शब्द दिला होता, आणि शब्द पाळणारा पुरुष होण्याची मला नुकतीच हौस आली होती. मी आईला म्हटलं, वहिनीला सांगावं का. आई मिरच्या कुटत होती. ती थांबली नाही. "मला तरी कुणी सांगितलं व्हतं? मी ऱ्हायलेच की जिती."

मग मी स्वतःच्या अकलेनं विचार केला. वहिनी भाकरीचा तुकडा मोडून तसाच ताटात ठेवते आहे, दिवसेंदिवस भिंतीकडं तोंड करून पडते आहे, अशानं ती जाईल. तिची ओटी रिकामी झाली, तर त्या ओटीत काहीतरी घालायला हवं. तिनं जागा विचारली होती. मी तिला वस्तू द्यायचं ठरवलं.

त्या दिवसांत वानरांची टोळी गावाजवळच्या आमराईत उतरली होती. आमच्याकडं ही काळ्या तोंडाची, लांब शेपटीची वानरंच येतात, लाल तोंडाची माकडं कमी. वानराचं लेकरू जन्मतं तेव्हा आईच्या अगदी उलट असतं. अंग काळंभोर आणि तोंड गोरं. मोठं होता होता अंग उजळतं आणि तोंड काळवंडतं. मी झाडाखाली उभा राहिलो तर एक तरणी वानरी असलं पिल्लू कसंही धरून फांदीवरनं फरफटत नेत होती. ते चिरकत होतं, ती त्याला खालीवर करत होती, जणू गाठोडं. ती खाली उतरली आणि तेवढ्यात कुत्री भुंकत आली. तिनं पिल्लू तिथंच सोडलं आणि झाडावर गेली. पिल्लू आंब्याच्या मुळीला बिलगून राहिलं. आईनं टाकलं, असं मी ठरवलं. काहीही ठरवायला मला कधीच वेळ लागला नाही.

ती त्याची आई नव्हती. पुढं मी खूप वर्षं वानरं बघितली तेव्हा मला हे कळलं. एकीला लेकरू झालं की टोळीतल्या बाकीच्या बाया आणि पोरी ते मागून घेतात, मिरवतात, हिसकतात, आणि आई तेवढ्यात चार पानं निवांत खाऊन घेते. आळीतल्या बाया आल्या की भागू अशीच या मांडीवरून त्या मांडीवर फिरायची. शेजारणीच्या मांडीवर भागू दिसली म्हणून कुणी तिला टाकलेली समजून उचलून नेलं असतं का? पण वानरांच्या घरात असली शेजारीण असेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

मी कुत्री हाकलली आणि पिल्लू उचललं. त्यानं थेट माझी शेंडी धरली. वर टोळीत एकच कालवा झाला. त्यांचा हुप्प्या, म्हणजे टोळीतला दांडगा नर, दात करकरत फांद्या हलवत माझ्यामागं आला. मी करवंदीच्या जाळीतनं पळालो, धोतर फाटलं, पाठ ओरबाडली, पण शेंडीवरचं ओझं सुटलं नाही. तसाच गावात शिरलो. मारुतीच्या देवळापुढच्या पारावर माणसं बसली होती. एकानं विचारलं, "दगडू, धाकला भाऊ घावला व्हय रं?" दुसरा नीट निरखून म्हणाला, "तोंडावळा आबांचाच हाय पर." सगळी हसली. मीही हसलो. माणसं हसतात ते इथपर्यंतच.

वहिनी बाजेवर उठून बसली होती. पिल्लानं माझी शेंडी सोडली, तिच्या खांद्यावर उडी घेतली आणि पदरात शिरून तोंड घासू लागलं. आईनं तोंड फिरवलं. वहिनीनं एक हात त्याच्या पाठीवर ठेवला. मग मोगऱ्याच्या कळ्यांचं फडकं सुटून खाली पडलं आणि मी बाहेर आलो. त्या संध्याकाळी तिनं हुलग्याचं माडगं प्यायलं आणि भाकरी खाल्ली. माझ्या ताटात आईच्या हातून तुपाची धार जरा जास्त पडली. मला वाटलं, घोडेगावच्या वैद्यानं माझ्याकडं शिकायला यावं.

दिवेलागणीला वहिनीनं मला हाक मारली. पिल्लू मांडीवर घेऊन ती त्याला बघत होती. नखं बघा म्हणाली, अगदी आपल्यावानी. तळव्यावर रेघा होत्या. कानाची पाळी होती, पापण्यांना केस होते, कपाळाला म्हाताऱ्यासारख्या आठ्या होत्या. पाय मात्र पाय नव्हते, तेही हातच होते. बघता बघता त्यानं जांभई दिली. भागू अशीच जांभई द्यायची, आधी तोंड वाकडं करून. वहिनीनंही ते ओळखलं असणार, कारण त्यानंतर आम्ही दोघंही पुढची खूण शोधायची थांबलो. ओसरीवरनं आबा म्हणाले, मारुतीचं लेकरू हाय, घरात ठिवू नये. पण माणसाचा वास लागला, आता त्याची आई काय घेत न्हाई. मग ते राहिलं.

उजाडताच गोठ्याच्या वळचणीला खडखड झाली. बघतो तर एक वानरी बसलेली. मी गोफण फिरवली. ती समोरच्या चिंचेवर गेली आणि मी वळलो की परत वळचणीला. वहिनीनं आतून विचारलं, काय वाजतंय. मी म्हणालो, वानरं चिंचेला आलीत. वहिनीचं दूध आटत चाललं होतं आणि पिल्लू सारखं कुरकुरत होतं, म्हणून मी शेरडाचं दूध आणलं, त्यात चांगला ढेकूळभर गूळ विरघळवला आणि बोळ्यानं पाजलं. नको म्हणून त्यानं तोंड फिरवलं तरी पाजलं. पाहुण्याला आग्रह करावा तसं.

कासराभर दिवस वर आल्यावर जुन्नरची हमीदाचाची आली. चाची मणेरीण, डोक्यावर बांगड्यांची पेटी घेऊन घोडेगाव, शिनोली करत डोंगरापर्यंत फिरायची. भागूच्या मनगटाला काळ्या बांगड्या तिला सांगून ठेवल्या होत्या आणि त्याच घेऊन ती हसत दारात आली. आईनं डोळ्यांनीच सांगितलं. चाचीनं हातातली पुडी परत पेटीत टाकली आणि वहिनीजवळ जाऊन बसली. मग चाचीनं पिल्लाचा हात हातात घेतला. जन्मभर दुसऱ्यांचे हातच दाबत आलेली बाई ती. म्हणाली, "समदं आपलंच हाय. अंगठा तेवढा करायचा ऱ्हायला."

वहिनी म्हणाली, "चाची, मला कसं घट्ट धरतंय बघा. कालधरनं सोडलं न्हाई."

चाचीनं ते ताडून बघितलं. पिल्लाची बोटं वहिनीच्या चोळीवरनं सोडवली आणि पेटीच्या पट्ट्यावर ठेवली. त्यांनी पट्टाही धरला, पण आता ती बोटं सैल वाटत होती. चाची म्हणाली, "पोरी, झाडावरचं लेकरू हाय हे. सुटलं की मेलं, म्हणून धरतंय. आपली पाळण्यात पडून ऱ्हातात, त्यास्नी काय. ते तुला न्हाई धरत. फांदी धरतंय."

तेवढ्यात वळचणीला पुन्हा खडखड झाली, आणि लेकरू गेल्यापासून पहिल्यांदा वहिनी उठून अंगणात आली. पिल्लू काखोटीला होतं. वानरी तिला बघून पळाली नाही. उलट पुढं सरकली. तिच्या छातीवरचे केस ओले होऊन चिकटले होते. वहिनीनं तिथं बघितलं, मग स्वतःच्या चोळीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"टाकलेलं म्हणला व्हता," ती म्हणाली.

मी हातातली गोफण पाठीमागं नेली. वहिनीनं पिल्लू अंगणाच्या मधोमध सारवलेल्या जमिनीवर ठेवलं आणि मागं सरली. वानरी एका झेपेत खाली आली, पिल्लू उचललं, छातीशी लावलं. माणसाच्या वासाचं तिला काही नव्हतं. पण ती उडी मारायला वळली आणि पिल्लू खाली घसरलं. तिनं पुन्हा उचलून लावलं, पुन्हा घसरलं. त्याच्या मुठी उघड्या होत्या. तेव्हा तिनं एका हातानं त्याला पोटाशी दाबलं आणि उरलेल्या तीन पायांवर लंगडत चिंचेवर चढली. चाचीनं वहिनीला धरून आत नेलं.

ते मेलं होतं. वानराच्या लेकराच्या पोटाला गूळ सोसत नाही, हेही मला पुढंच कळलं. वानरीला ते कळलं की नाही, हे मला आजवर सांगता आलेलं नाही. ती ते घेऊन हिंडत राहिली. टोळी आमराईतून ओढ्याला, ओढ्यावरून आमच्या परड्यातल्या चिंचेवर, आणि ती मागं मागं, एक हात कायमचा अडकलेला. फांदीवर ठेवून ती त्याचे केस विंचरायची, माशा हाकलायची, चार पानं तोडायची, परत उचलायची. ते वाळत गेलं, चामडं आणि केस उरले. टोळीतल्या त्या मिरवणाऱ्या पोरी आता ते मागायला येत नव्हत्या, पण तिच्याकडून हिसकावतही नव्हत्या. हुप्प्यासुद्धा तिच्या बाजूनं वळून जायचा. वहिनी परड्याच्या दारात बसून हे सगळं बघायची. आई तिच्याशेजारी तांदूळ पाखडत असायची. एकदा वहिनी म्हणाली, "हिचं कुणी काढून न्हेत न्हाई." आईच्या हातातलं सूप थांबलं आणि बराच वेळ तसंच राहिलं.

माझा धाकटा नातू पुण्याला कॉलेजात शिकतो. गेल्या सुट्टीत तो मला समजावत होता की माणूस आणि वानर एकाच मुळाची पोरं आहेत, हाडन्हाड जुळतं. मी म्हणालो, असेल बाबा, मला लोकांनी ते लहानपणीच सांगितलं होतं. त्यानं फरक सांगितले, बोलणं, विस्तव, चालायची ढब. मी म्हणालो, एक राहिला. तिकडं लेकरू कधी सोडायचं ते आई ठरवते. तो म्हणाला, आजोबा, हे परीक्षेत लिहिलं तर भोपळा मिळेल.

एके दिवशी वानरी दोन्ही हातांनी पाला खाताना दिसली. पिल्लू मारुतीच्या पारावर सापडलं. तिनं ते तिथंच का ठेवलं असेल यावर गावात बोलणं झालं आणि देवाच्या पायाशी आणलं असं ठरलं. वानर मेलं की गाव त्याला माणसासारखं पोचवतं. मारुतीचं लेकरू, त्याची अंत्ययात्रा निघाली पाहिजे. वीतभर तिरडी बांधली, फुलं वाहिली, गुलाल उधळला, टाळ-मृदंग आले. कावळ्याइतकंही वजन नसलेल्या त्या कलेवराला चार माणसांनी खांदा दिला. कुणीतरी सुतक धरायला हवं होतं. "तूच आणलं व्हतंस, तूच धर," पारावरची माणसं मला म्हणाली. मग न्हाव्यानं माझी मिशी काढली, डोकं गुळगुळीत केलं, शेंडीही गेली. मडकं हातात घेऊन मी पुढं चाललो. माझ्यामागं आबा होते, अनवाणी, टाळ वाजवत, डोळे मिटून भजन म्हणत.

ही वरात आमच्या दारावरनं गेली. वहिनी उंबऱ्यात उभी होती. ती माझ्याकडं बघत नव्हती. आबांकडं बघत होती. आबांनी डोळे उघडले, तिला बघितलं, आणि त्यांचा टाळ तिथं चुकला. पुढं देवळापर्यंत तो लागलाच नाही. देवळामागं खड्डा केला, गावानं मूठमूठ माती दिली, वर शेंदूर फासून धोंडा बसवला. आजही शेंबडं पोर तुम्हाला ती जागा दाखवील.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधला. रोज ते गाठोडं माझ्या हातात यायचं. आईनं ते वहिनीच्या डोक्यावर दिलं. म्हणाली, "आज न्याहारी सगुणा न्हील. दगडू, तू म्होरं हो." आबा ओसरीवर पाय पसरून वाखाचा दोर वळत होते. त्यांनी ऐकलं. मान वर केली नाही. वहिनी जवळ आली तेव्हा त्यांनी पाय आखडून घेतले आणि वाट दिली. आई दारात उभी राहून आमच्याकडं बघत होती. तिची मधली लेकरं कुठं आहेत ते आबांनी तिला कधीच सांगितलं नाही. ते गेल्यावर, खूप वर्षांनी, तिनं मला विचारलं होतं, तुला ठावं हाय का रं. मला ठाऊक नव्हतं.

मळ्याशी पोचलो तशी मोटेची करकर थांबली. दादानं आम्हाला बघितलं होतं. तो आला नाही, नुसता बैलाच्या वशिंडावर हात ठेवून उभा राहिला. मी वहिनीला बांधाबांधानं नदीकडं नेलं. करंजाचा मोहर गळत होता. धोंड्यांवर, काट्यांवर फिकट जांभळ्या फुलांचा सडा पडला होता. मी बोट दाखवलं आणि बाजूला झालो. वहिनीनं गाठोडं उतरवलं. वर झाडाकडं बघितलं, आणि म्हणाली, "ऊन न्हाई लागत." मग ती बसली. काट्या एकेक करून बाजूला केल्या, धोंड्यांवर तळवा ठेवला, आणि इतके दिवस जे रडली नव्हती ते रडली. आवाज विहिरीपर्यंत गेला असणार. मोट त्या सकाळी पुन्हा सुरू झाली नाही.

पुष्कळ वेळानं तिनं तोंड धुतलं, काट्या होत्या तशा परत ठेवल्या. मी तुळतुळीत डोक्यानं उन्हात उभा होतो. काहीतरी बोलायला हवं असं मला वाटलं, आणि मी म्हणालो, "वहिनी, आता बरं वाटलं का?"

तिनं गाठोडं उचललं आणि माझ्या डोक्याकडं, बिनमिशीच्या तोंडाकडं एकदा नीट बघितलं.

"एवढंच तर दावायचं व्हतं, भावजी," ती म्हणाली. "त्यापायी दुसरीचं लेकरू मारलंत."